व्यवस्थापन सर्व्हरचा पत्ता : व्हर्च्युअलायझेशनच्या इतिहासातील नेटवर्क-मांडणी आणि कमांड लाइनचे स्थान

सारांश

एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याचे तंत्र १९६०च्या दशकात उदयास आले आणि २००० नंतर ते जगभरातील माहिती-केंद्रांचा पाया बनले. या आभासी संगणकांवर देखरेख ठेवणाऱ्या व्यवस्थापन सर्व्हरला नेटवर्कवरील पत्ता, नाव व मार्ग देण्याचे काम वरवर किरकोळ वाटते. परंतु चित्रमय पडद्यांच्या युगातही हे काम शेवटी टंकलिखित आज्ञेवरच का येऊन ठेपते, याचा ऐतिहासिक शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. दुरुस्तीचे साधन दुरुस्त करावयाच्या वस्तूवरच अवलंबून राहिल्याने जे परावलंबन निर्माण होते, ते या इतिहासाचे मध्यवर्ती सूत्र आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : व्हर्च्युअलायझेशन, व्यवस्थापन सर्व्हर, कमांड लाइन, आयपी पत्ता, डीएनएस, परावलंबन.

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचा, घटत्या आकाराचा आणि कल्पक संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ही यंत्रे रोज चालती ठेवणाऱ्या माणसांच्या कामाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची वर्णने जितकी आढळतात तितकी सांधे बदलणाऱ्याची आढळत नाहीत. वस्तुतः गाडी योग्य रुळावर जाते ती त्याच्यामुळे. व्यवस्थापन सर्व्हरची नेटवर्क-मांडणी हे संगणक-व्यवहारातील असेच सांधे बदलण्याचे काम होय.

विषयाचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. प्रत्यक्ष संगणकाच्या हार्डवेअरवर हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर बसवून त्यावर अनेक आभासी यंत्रे चालविली जातात. असा प्रत्यक्ष संगणक ‘होस्ट’ या नावाने ओळखला जातो. होस्टची संख्या वाढली की त्या सर्वांवर एका जागेवरून नियंत्रण ठेवणारा व्यवस्थापन सर्व्हर आवश्यक ठरतो. या सर्व्हरला नेटवर्कवर उभे करण्यासाठी पाच गोष्टी सांगाव्या लागतात : त्याचा आयपी पत्ता, त्या पत्त्यातील किती भाग नेटवर्कचा आहे हे दर्शविणारा सबनेट, बाहेर जाण्याचा मार्ग म्हणजे गेटवे, नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारा डीएनएस सर्व्हर आणि स्वतःचे नाव. या पाचांपैकी एक जरी चुकली तरी सर्व्हर जिवंत असूनही हाती न लागण्याची शक्यता असते.

प्रश्न निर्माण होतो तो येथेच. व्यवस्थापन सर्व्हरचा चित्रमय पडदा ब्राउझरमधून, म्हणजेच नेटवर्कवरून उघडतो. पत्ता चुकला तर पडदा उघडत नाही, आणि पडदा उघडत नाही म्हणून पत्ता दुरुस्त करता येत नाही. ही कोंडी कशी निर्माण झाली आणि ती फोडण्यासाठी कोणकोणते उपाय योजले गेले, हे कालक्रमाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. आज्ञा हाच एकमेव मार्ग : १९६४ ते १९७२

आभासी यंत्राची कल्पना आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये साकार झाली. रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली १९६४च्या अखेरीस तेथे सीपी-४० या प्रणालीचे काम सुरू झाले आणि जानेवारी १९६७मध्ये ती वापरात आली. तिच्यातून सीपी-६७ आणि पुढे ऑगस्ट १९७२मध्ये घोषित झालेली व्हीएम/३७० ही प्रणाली विकसित झाली. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र, संपूर्ण संगणक आपल्या हाती असल्याचा अनुभव मिळावा, ही त्यामागील कल्पना होती.

या प्रणालीत वापरकर्ता टंकयंत्रासारख्या टर्मिनलसमोर बसून आज्ञा टंकित करीत असे आणि उत्तर कागदावर उमटत असे. आभासी यंत्राची मांडणी पाहणे, त्यात बदल करणे, त्याला एखादे उपकरण जोडणे ही सर्व कामे आज्ञांनीच होत. दोन आभासी यंत्रांना आभासी जोडणीने एकत्र आणण्यासाठी ‘कपल’ ही आज्ञा होती. यंत्रे जोडण्याचे काम प्रत्यक्ष तार न ओढता केवळ एका शब्दाने करता येते, ही पुढील सर्व आभासी नेटवर्कांची बीजकल्पना तेव्हाच अस्तित्वात आली होती.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. टर्मिनलला यंत्राशी जोडणारी वाट आणि आभासी यंत्रांमधील जोडणी या दोन भिन्न गोष्टी होत्या. आभासी जोडणीत चूक झाली तरी टर्मिनलची वाट शाबूत राहत असे. नियंत्रणाची वाट आणि नियंत्रित वस्तू यांतील हे अंतर त्या काळात सहजच जपले गेले. ते मुद्दाम जपावे लागेल, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

२. पत्ता, नाव आणि त्यांची नोंद : १९७१ ते १९८७

याच काळात अर्पानेट या नेटवर्कवर निराळ्या प्रकारची समस्या आकार घेत होती. यंत्रांना अंकी पत्ते होते, परंतु माणसांना नावे हवी होती. नाव व पत्ता यांची एकच अधिकृत यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नेटवर्क माहिती केंद्रात ठेवली जात असे. एलिझाबेथ फाइनलर यांनी या केंद्राचे नेतृत्व दीर्घकाळ केले. नवीन यंत्र जोडावयाचे झाल्यास या केंद्राला कळवावे लागे आणि इतर ठिकाणची मंडळी ती यादी वेळोवेळी उतरवून घेत. गावच्या तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची नोंद असावी, तशी ही यंत्रांची नोंदवही होती.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी हे नियमसंच स्वीकारले. त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि १९८७मध्ये तिचे सुधारित मानक प्रसिद्ध झाले. एका दप्तराऐवजी अधिकाराची विभागणी करणारी वृक्षाकार व्यवस्था आली. १९८३मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स प्रणालीच्या ४.२बीएसडी आवृत्तीत ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा समाविष्ट झाली. नेटवर्क-जोडणीचे नाव आणि पत्ता एका ओळीत सांगण्याची ही पद्धत पुढील कित्येक पिढ्यांच्या प्रशासकांच्या बोटांत बसली. गेटवे सांगण्यासाठी ‘राउट’ ही आज्ञा होती, आणि नावे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिली जात.

म्हणजेच १९८०च्या दशकाच्या अखेरीस वर उल्लेखिलेल्या पाचही गोष्टी स्थिर झाल्या होत्या. त्या आजही त्याच आहेत. बदलत गेली ती त्या सांगण्याची वाट.

३. दूरस्थ नियंत्रण आणि फांदी तोडण्याचा धोका

यंत्रे कुलूपबंद खोल्यांत गेली आणि प्रशासक आपल्या टेबलाशी बसून त्यांच्यावर नियंत्रण ठेवू लागले. सुरुवातीस यासाठी टेलनेट वापरले जाई, परंतु त्यात पासवर्डदेखील उघड्या मजकुरात प्रवास करीत. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड-चोरीचा प्रकार घडल्यानंतर तातू इलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच हे सुरक्षित साधन निर्माण केले. तेव्हापासून ‘कमांड लाइन’ म्हणजे बहुधा एसएसएचवरून मिळणारी कमांड लाइन, असे समीकरण रूढ झाले.

या सोयीबरोबर एक जुनाच धोका नव्या रूपात आला. ज्या जोडणीवरून आपण यंत्रात शिरलो तिचाच पत्ता बदलला की संवाद तत्क्षणी तुटतो. नवीन पत्ता योग्य असेल तर पुन्हा प्रवेश मिळतो. चुकीचा असेल तर बसलेली फांदी स्वतःच तोडल्यासारखी अवस्था होते आणि यंत्राच्या खोलीपर्यंत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नेटवर्क-उपकरणांच्या निर्मात्यांनी या धोक्यावर मार्मिक उपाय शोधले. सिस्कोच्या राउटरवर ठरावीक मिनिटांनंतर यंत्र पुन्हा सुरू व्हावे अशी आज्ञा आधी देऊन मग जोखमीचा बदल करण्याची प्रथा पडली. बदल यशस्वी झाला तर ती आज्ञा रद्द करावयाची. न झाला तर यंत्र आपोआप जुन्या, साठविलेल्या मांडणीवर परत येई. ज्युनिपर कंपनीच्या प्रणालीत हाच विचार आज्ञेतच अंतर्भूत केला गेला : बदल लागू होतो, परंतु दहा मिनिटांत तो पक्का केल्याचे कळविले नाही तर प्रणाली स्वतःच पूर्वस्थितीवर जाते. माणूस संपर्काबाहेर गेला तर त्याचे मौन हाच ‘बदल नको’ असा निरोप समजावा, हे त्यामागील तत्त्व होय.

४. आभासी यंत्रांचे पुनरागमन : १९९७ ते २००९

मोठ्या संगणकांपुरते मर्यादित राहिलेले आभासी यंत्र सामान्य सर्व्हरवर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनाला जाते. एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांचा ‘डिस्को’ प्रकल्पावरील निबंध १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. १९९८मध्ये डायान ग्रीन व एडवर्ड वाँग यांच्यासह या तिघांनी व्हीएमवेअर कंपनी स्थापन केली. १९९९मध्ये तिचे वर्कस्टेशन हे उत्पादन, २००१मध्ये ईएसएक्स सर्व्हर आणि २००३मध्ये अनेक होस्टवर एकत्रित देखरेख करणारे व्हर्च्युअलसेंटर बाजारात आले. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातील झेन हा मुक्तस्रोत हायपरव्हायजर संशोधन-जगतासमोर मांडला गेला, तर केव्हीएम हे तंत्र २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले.

व्हर्च्युअलसेंटर हे विंडोज सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर होते. त्यामुळे त्याची नेटवर्क-मांडणी म्हणजे त्या विंडोज यंत्राची मांडणी. ती नेहमीच्या खिडक्यांमधून किंवा ‘नेटशेल’ या आज्ञेने होत असे. होस्टच्या बाजूस, म्हणजे ईएसएक्समध्ये, सर्व्हिस कन्सोल नावाचा लिनक्सवर आधारित भाग होता. तेथे प्रशासकाला परिचित शेल मिळे आणि आभासी स्विच, त्यांचे पोर्ट-गट व व्यवस्थापन-जोडणी यांच्यासाठी स्वतंत्र आज्ञा उपलब्ध असत. नियंत्रक आणि नियंत्रित या दोघांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा निराळ्या होत्या, आणि दोहोंची भाषाही निराळी होती.

२००९मध्ये व्हीस्फिअर ४ या आवृत्तीबरोबर व्हर्च्युअलसेंटरचे नाव व्हीसेंटर सर्व्हर झाले. याच आवृत्तीत वितरित आभासी स्विच आला. पूर्वी प्रत्येक होस्टचा आभासी स्विच स्वतंत्र होता. आता अनेक होस्टवर पसरलेल्या एकाच स्विचची मांडणी व्हीसेंटरकडे गेली. सोय फार मोठी होती. परंतु या सोयीतच पुढील कोंडीचे मूळ दडलेले होते.

५. देखरेख करणारा स्वतःच आभासी : २०११ ते २०१५

२०११ हे या इतिहासातील निर्णायक वर्ष मानावे लागेल. व्हीस्फिअर ५.० या आवृत्तीत दोन बदल एकत्र आले. पहिला असा की सर्व्हिस कन्सोल असलेला जुना ईएसएक्स संपला आणि आकाराने लहान असलेला ईएसएक्सआय हाच एकमेव पर्याय राहिला. होस्टवर आता लिनक्सचे परिचित अंगण नव्हते. यंत्रासमोर बसणाऱ्यास करड्या-पिवळ्या रंगाचा, केवळ कळफलकाने चालणारा एक साधा पडदा दिसे. त्यात व्यवस्थापन-नेटवर्कची मांडणी करणे, ते पुन्हा सुरू करणे आणि मूळ स्थितीवर आणणे असे मोजके पर्याय होते. शेल व एसएसएच या दोन्ही सोयी मुळात बंद ठेवलेल्या असत.

दुसरा बदल म्हणजे व्हीसेंटर हे तयार आभासी यंत्राच्या, म्हणजे ॲप्लायन्सच्या रूपात मिळू लागले. सुसे लिनक्सवर आधारित हे यंत्र होस्टवर चढवावयाचे, चालू करावयाचे आणि ब्राउझरने ५४८० क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन त्याची मांडणी करावयाची, अशी योजना होती. नेटवर्कवर आपोआप पत्ता वाटणारी डीएचसीपी व्यवस्था नसल्यास मात्र या यंत्राला पत्ताच मिळत नसे, आणि पत्ता नाही म्हणून ब्राउझरही पोहोचत नसे. अशा वेळी यंत्राच्या कन्सोलवर, म्हणजे होस्टमार्फत दिसणाऱ्या त्याच्या आभासी पडद्यावर, प्रवेश करून ‘व्हामी कॉन्फिग नेट’ ही आज्ञा चालवावी लागे.

ही आज्ञा दिली की क्रमांकांची एक साधी यादी समोर येई : सद्यःस्थिती पाहणे, बाहेर पडणे, गेटवे, यंत्राचे नाव, डीएनएस, प्रॉक्सी सर्व्हर आणि पहिल्या नेटवर्क-जोडणीचा पत्ता. क्रमांक टंकित करावयाचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आणि होकार कळवावयाचा. १९८३च्या आयएफकॉन्फिगपासून जवळजवळ तीन दशकांचे अंतर पार करूनही सांगावयाच्या गोष्टी बहुतांशी त्याच पाच होत्या. २०१५मधील ६.० या आवृत्तीत या यंत्राला स्वतःचा आज्ञा-संच असलेले शेल मिळाले. होस्टसारखाच कळफलकी पडदाही त्याच्या कन्सोलवर आला.

आता कोंडीचे पूर्ण स्वरूप लक्षात येईल. व्हीसेंटर हे आभासी यंत्र झाले. ते ज्या होस्टवर चालते त्या होस्टचे नियंत्रण तेच करते. आणि ते ज्या वितरित स्विचला जोडलेले असते त्या स्विचची मांडणीही तेच ठरविते. व्हीसेंटर बंद पडले तर वितरित स्विचच्या नेहमीच्या पोर्ट-गटावर एखाद्या यंत्राला नव्याने पोर्ट मिळत नाही, कारण ते पोर्ट व्हीसेंटरनेच द्यावयाचे असते. बंद पडलेले व्हीसेंटर दुसऱ्या होस्टवर चढवून सुरू करू पाहणाऱ्या प्रशासकाला त्याच व्हीसेंटरच्या अनुमतीची गरज भासावी, अशी ही विचित्र अवस्था होती. पेटीची किल्ली पेटीतच राहून कुलूप लागावे, तसाच हा प्रकार होय.

या अवस्थेवर दोन उपाय प्रचारात आले. एक म्हणजे व्हीसेंटरविनाही थेट होस्टकडून पोर्ट देता येईल असा ‘क्षणिक’ प्रकारचा पोर्ट-गट व्यवस्थापनासाठी राखून ठेवणे. दुसरा उपाय २०१२मधील ५.१ या आवृत्तीत प्रणालीतच आला : एखाद्या बदलामुळे होस्टचा व्हीसेंटरशी संपर्क तुटला तर तो बदल आपोआप मागे घेतला जाऊ लागला. राउटरच्या जगात प्रशासकांनी अनुभवातून जपलेले ‘मौन म्हणजे नकार’ हे तत्त्व अशा रीतीने व्हर्च्युअलायझेशनच्या जगात पोहोचले.

६. पत्त्यापासून ओळखीपर्यंत

आतापर्यंतच्या विवेचनात पत्ता व नाव यांना ‘मांडणी’ म्हटले आहे. मांडणी बदलता येते. परंतु व्हीसेंटरच्या बाबतीत ही गोष्ट पूर्णांशाने खरी राहिली नाही. सर्व्हरच्या आतील प्रवेश-व्यवस्था, विविध सेवांच्या नोंदी आणि परस्परांची खातरजमा करणारी डिजिटल प्रमाणपत्रे यांत सर्व्हरचे नाव स्थापनेच्या वेळीच कोरले जाऊ लागले. नाव हे आता दारावरील पाटी न राहता जन्मनोंद बनले.

याचा व्यावहारिक परिणाम गंभीर होता. ६.० ते ६.७ या आवृत्त्यांमध्ये स्थापनेच्या वेळी दिलेले प्राथमिक नाव नंतर बदलता येत नसे. डीएनएसची व्यवस्था नसल्यामुळे ज्यांनी नावाऐवजी आयपी पत्ताच दिला, त्यांचा पत्ता हीच कायमची ओळख बनली आणि पत्ताही बदलता येईना. संस्थेने आपले डोमेन-नाव बदलले, दोन विभाग एकत्र आले किंवा नेटवर्कची फेरआखणी झाली, तर सर्व्हर नव्याने उभारण्याचा प्रसंग येई. २०१९च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.७ आवृत्तीच्या तिसऱ्या सुधारणेत हे बंधन सैल झाले. तेव्हाही तो एका ओळीचा बदल नव्हता. डीएनएसमध्ये नाव-पत्त्याची दोन्ही दिशांची नोंद आधी करणे, सर्व्हरची बॅकअप प्रत घेणे, मग बदल करणे आणि ज्या अन्य प्रणाली जुन्या नावावर विसंबून होत्या त्यांना नव्याने जोडणे, असा तो विधी होता.

१९८३मध्ये एका ओळीत होणारे काम २०१९मध्ये विधी का बनले, याचे उत्तर तंत्रज्ञानाच्या मागासलेपणात शोधता येणार नाही. उलट, यंत्रे एकमेकांवर आंधळा विश्वास न ठेवता ओळख पटवून घेऊ लागली, याचेच ते मोल होय. विश्वास नावावर टेकला की नाव बदलणे महाग होते. ‘प्रथम डीएनएस, मग स्थापना’ हा अनुभवी प्रशासकांचा आग्रह याच इतिहासातून आला आहे.

७. अन्य परंपरा आणि एक मोठा धडा

ही कोंडी एकाच कंपनीच्या उत्पादनापुरती आहे असे समजणे चूक ठरेल. झेनवर आधारित झेनसर्व्हरमध्ये होस्टच्या समूहाचे नेतृत्व एका होस्टकडे असते. तो नाहीसा झाल्यास दुसऱ्याने नेतृत्व घेण्याची जी आज्ञा आहे तिच्या नावातच ‘आपत्कालीन’ हा शब्द आहे, आणि नेटवर्क-मांडणी पूर्ववत करण्यासाठीही एक स्वतंत्र आज्ञा आहे. रेड हॅटने पुढे आणलेल्या ओव्हर्ट प्रकल्पातही व्यवस्थापन करणारे इंजिन आभासी यंत्र म्हणून चालविता येते. त्याच्यासाठी होस्टवर निराळी आज्ञा ठेवावी लागली. व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स प्रणालीने, जिची १.० आवृत्ती २००८मध्ये आली, भिन्न मार्ग निवडला. तिच्या समूहातील प्रत्येक होस्ट स्वतःच व्यवस्थापनाचा पडदा पुरवितो, म्हणून समूह चालविण्यास स्वतंत्र व्यवस्थापन सर्व्हर लागत नाही. नेटवर्कची मांडणी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असते. पडद्यावरून केलेला बदल आधी नव्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि तो लागू केल्यावरच अमलात येतो. तरीही होस्टचा पत्ता बदलल्यास नावांच्या फाइलमध्ये आणि समूहाच्या नोंदीतही तो बदलावा लागतो, हे येथेही सुटलेले नाही.

परावलंबनाचे सर्वांत ठळक उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाने पाहिले. फेसबुक कंपनीच्या अंतर्गत मुख्य नेटवर्कच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेमुळे तिची माहिती-केंद्रे परस्परांपासून तुटली. धोक्याच्या आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणी-साधनात दोष असल्याने ती आज्ञा अडली नाही. मुख्य नेटवर्कशी संपर्क तुटल्याचे पाहून कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी इंटरनेटवरील आपल्या मार्गांच्या घोषणा मागे घेतल्या. दुरुस्तीची नेहमीची साधने त्याच नेटवर्कवर व त्याच नावांवर अवलंबून असल्याने ती निकामी ठरली, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष माहिती-केंद्रात जावे लागले. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. ही व्हर्च्युअलायझेशनची घटना नव्हे. परंतु तिचे सूत्र तेच आहे.

या घटनेतून कमांड लाइनची मर्यादाही दिसते. आज्ञा ही तत्पर असते, पण विवेकी नसते. जे सांगितले ते ती करते. फेब्रुवारी २०२३मध्ये जुन्या, दुरुस्त न केलेल्या ईएसएक्सआय होस्टवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा मोठा हल्ला झाला. त्यात हल्लेखोरांनी होस्टवरील शेलच्या आज्ञाच हत्यारासारख्या वापरल्या. म्हणून कमांड लाइन सदैव उघडी ठेवावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती कुलूपबंद असावी. परंतु तिची किल्ली कोठे आहे हे संस्थेतील जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावे.

८. आज्ञा जुन्या होतात, तत्त्व राहते

आज्ञांची नावे चिरंजीव नसतात. लिनक्सवर आयएफकॉन्फिगची जागा अलेक्सेय कुझ्नेत्सोव्ह यांच्या संचातील ‘आयपी’ या आज्ञेने घेतली. २०१४मधील रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७च्या किमान स्थापनेत जुनी आज्ञा मुळातच नव्हती. व्हीसेंटरचा पाया २०१६मधील ६.५ आवृत्तीत सुसेऐवजी कंपनीच्याच फोटॉन प्रणालीवर गेला. विंडोजवर चालणारे व्हीसेंटर २०२०मधील ७.० आवृत्तीपासून बंद झाले. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविल्याचे जाहीर केले. त्यानंतर अनेक संस्थांना अन्य प्रणालींचा विचार करावा लागला.

अशा स्थलांतरात एखाद्या उत्पादनाच्या पडद्यावरील बटणांचे पाठांतर निरुपयोगी ठरते. ज्याला पत्ता, सबनेट, गेटवे, डीएनएस व नाव यांचा परस्परसंबंध कळला आहे, त्याला नव्या प्रणालीत केवळ नवीन शब्द शिकावे लागतात. संगणकशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याला अमुक कंपनीचा पडदा शिकवावा की तो पडदा नसताना काय करावयाचे हे शिकवावे, या प्रश्नाला वरील इतिहासाने उत्तर दिले आहे.

निष्कर्ष

१. व्यवस्थापन सर्व्हरच्या नेटवर्क-मांडणीत सांगावयाच्या मूलभूत गोष्टी १९८०च्या दशकात स्थिर झाल्या. त्यानंतर बदलली ती सांगण्याची वाट.

२. १९७२च्या व्हीएम/३७०मध्ये नियंत्रणाची वाट आणि नियंत्रित जोडणी स्वभावतःच वेगळ्या होत्या. २०११नंतर व्यवस्थापन सर्व्हर स्वतःच आभासी यंत्र झाल्याने हे अंतर पुसले गेले आणि ते हेतुपुरस्सर पुन्हा निर्माण करावे लागले.

३. कमांड लाइन टिकून राहिली ती जुन्या सवयीमुळे नव्हे. कन्सोलवरील कमांड लाइनला तुटलेल्या नेटवर्कची गरज लागत नाही, हे तिच्या टिकण्याचे खरे कारण आहे. एसएसएचवरील कमांड लाइनला मात्र हा गुण लागू पडत नाही. हा भेद अनेकदा दुर्लक्षित राहतो.

४. नाव हे मांडणीतून ओळखीत रूपांतरित झाल्याने बदलाचे मोल वाढले. म्हणून स्थापनेपूर्वीचा विचार हा स्थापनेनंतरच्या कौशल्याहून अधिक मोलाचा ठरतो.

५. आपोआप मागे येणारा बदल, राखून ठेवलेला पोर्ट-गट आणि कागदावर लिहिलेली पाच गोष्टींची नोंद हे तीनही उपाय एकाच जाणिवेतून आले आहेत : दुरुस्तीचे साधन बिघडलेल्या वस्तूच्या बाहेर असले पाहिजे.

रुग्णालयाच्या नोंदी, बँकांचे व्यवहार, विद्यापीठांचे निकाल आज अशाच आभासी यंत्रांवर उभे आहेत. त्यांची देखरेख करणारा सर्व्हर दिसेनासा होतो तेव्हा ही यंत्रे सहसा लगेच बंद पडत नाहीत. परंतु ती कोणाच्याही नियंत्रणाबाहेर चालत राहतात. त्या वेळी होस्टच्या कन्सोलपर्यंत जाण्याचा अधिकार कोणाला आहे, पत्ता कोणता होता आणि तो कोठे लिहून ठेवला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेपाशी असतात ती संस्था थोड्या वेळात सावरते. संगणकाच्या इतिहासाने प्रशासनाला दिलेला हा धडा तांत्रिक वाटला, तरी त्याचे मर्म जबाबदारीच्या वाटणीत आहे.